कामाची वही : अठरा गुंठे, नऊ कुणगे

१४ नोव्हेंबर २०२२

आजपासून नोंद सुरू. सतरा वर्षं अंधेरीच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रकल्पांचे आराखडे केले, ती सवय डोंबिवली सोडली म्हणून सुटत नाही. लॅपटॉपवर तक्ता केलाय. रकाने : काम, सुरुवात, शेवट, खर्च, जबाबदार व्यक्ती, शेरा.

जागा : लांजा तालुका, महामार्गापासून आत अकरा किलोमीटर. वडिलांचं घर, समोर पडवी, मागे उतारावर नऊ कुणगे, म्हणजे भाताचे बांध घातलेले तुकडे. सगळे मिळून अठरा गुंठे. चौदा वर्षं पडीक. त्यात करवंदीची जाळी, घाणेरी आणि एका कुणग्यात चक्क माझ्या मांडीएवढं ऐनाचं झाड.

माणसं : मी आणि आई (वय ७२). नवऱ्याची नोकरी अजून सहा वर्षं आहे. तो पंधरा दिवसांतून एकदा दिवा-सावंतवाडीने येणार आणि रविवारी परत जाणार. मुलगी पुण्यात हॉस्टेलवर. तिचं मत अजून आलेलं नाही.

‘जबाबदार व्यक्ती’ या रकान्यात सध्या सगळीकडे माझंच नाव आहे.

२२ नोव्हेंबर

सातबारा काढला. एकोणीस नावं, त्यातली पाच माणसं वारलेली, त्यांत वडील. वारस नोंदीचा अर्ज दिला. फेरफार नोंदवला की सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाणार, पंधरा दिवस हरकतीची मुदत, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करणार. म्हणजे पंधरा दिवस, असं मी तक्त्यात लिहिलं. काउंटरपलीकडच्या माणसाने ते वाचलं असतं तर त्याचा दिवस चांगला गेला असता.

कुणग्यांची वाटणी आजोबांनी तोंडी केलेली. कागदावर सगळं सामाईक. वहिवाट आमची, हे वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि मुंबईतल्या एका चुलत भावाला आजच आठवेनासं झालंय. फोनवर म्हणाला, “तू लग्न होऊन गेलीस ना?” मी त्याला २००५ सालची हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती सांगितली. तो म्हणाला, “कायद्याचं नको बोलू, आपण घरचे आहोत.” बरं.

९ डिसेंबर

साफसफाईला चार गडी ठरवले होते. रोज ६०० रुपये आणि जेवण. सोमवारी दोघे आले, मंगळवारी एक, बुधवारी कोणीच नाही. फोन केला तर, “बाय, लग्न हाय पलीकडल्या वाडीत.” गुरुवारी भावकीत कोणी गेलं. शुक्रवारी नुसतंच “येतो.”

तात्या (वरच्या घरचे, वडिलांचे बालमित्र) पडवीत बसून माझा तक्ता बघत होते. त्यांना पडद्यावरचे रंग आवडले. मग म्हणाले, “पैसे देऊन माणूस येतो गो, पण त्याच्या सवडीने. तुझ्या सवडीने यायला तू आधी कोणाकडे गेलीस?”

शेऱ्यात लिहिलं : मनुष्यबळ अनिश्चित.

३ जानेवारी २०२३

गडगा. उतारावरचा जुना दगडी गडगा सहा ठिकाणी ढासळलाय. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड रचायचा. मला वाटलं सोपं काम. गडगा रचणाऱ्या काकांनी माझे रचलेले दोन हात पाहिले, पायाने जरा रेटलं, पडलं. मोठा तळात, दोन्हीकडचा दगड आत कललेला, मध्ये बारीक भर, आणि एका जोडावर दुसरा जोड येता कामा नये. “दात कसे बसतात तसा बसायला पाहिजे,” एवढंच त्यांनी शिकवलं. पुढचे आठ दिवस मी दगड उचलून द्यायचं काम केलं.

काल त्यांना लाल विंचू डसला. दगडाखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला, तोंडातून आवाजही नाही. बोट नुसतं लालसर. पाच मिनिटांत दरदरून घाम. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे प्राझोसिनची गोळी, सलाईन, रात्रभर लक्ष. सकाळी चहा मागितला म्हणजे ठीक.

आईच्या लहानपणी विंचू म्हणजे अर्धं मरण. तिच्या वर्गातला एक मुलगा असाच गेला होता. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन चालतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी दाखवलं, तेही एका लहान गावात रुग्ण बघता बघता. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, “गोळी लहान होती.”

खरेदी : गमबूट दोन जोड, चामडी हातमोजे. काका हातमोजे घालत नाहीत, दगड कळत नाही म्हणून.

२० फेब्रुवारी

उन्हाळ्याच्या आधीच उन्हाळा. कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा आणि महिना कुठला, तर फेब्रुवारी. शेजारच्या बागेत हापूसची सुपारीएवढी फळं गळून पडलीयत, चालताना पायाखाली येतात. आमच्या वाट्याची कलमं चुलत्यांनी २०२४ पर्यंत कराराने दिलेली, त्यामुळे तो विषय माझ्या वहीत नाही. नसलेलंच बरं वाटलं आज.

वारस नोंद : कागद ‘वर’ गेलाय. वर म्हणजे कुठे, ते विचारलं नाही.

५ मार्च

उद्या होळी. मुंबईवरून सगळे आले, वाडीत एकदम दोनशे माणसं. ज्या चुलत भावाला कायदा नको होता तो रात्री पालखीच्या पुढे नाचणार आहे. दुपारी आमच्या पडवीत येऊन आईच्या हातच्या घावन्या सहा खाऊन गेला आणि जाताना वारस नोंदीच्या संमतीवर सही केली. चार महिन्यांच्या फोनांनी झालं नाही ते घावन्यांनी झालं. तक्त्यात याला रकाना नाही.

१९ मार्च

भाजावळ. या विषयावर खालच्या घरच्या काकींशी दोन आठवडे वाद.

दाढ म्हणजे जिथे भाताची रोपं तयार करायची तो तुकडा. तो पेरणीआधी भाजायचा ही इथली रीत. मी आधीच ठरवून आले होते की जाळायचं नाही. झाडांच्या फांद्या तोडायच्या, शेण आणि पातेरा (वाळका पाला) जाळायचा, मातीतले जीव मारायचे, हे सगळं माझ्या डोक्यात चुकीच्या यादीत होतं. काकी म्हणाल्या, “नको भाजू. मग बेणायला, तण उपटायला, मुंबईतनं माणसं आण.”

शेवटी तह झाला. दाढीचे दोन भाग, एकेक गुंठ्याचे. डावीकडचा भाजायचा, उजवीकडे नुसतं शेणखत. दोन्हीकडे तेच बी. प्रयोग म्हटल्यावर मी खूश, आणि काकी नाइलाजाने.

आज पहाटे साडेपाचला, वारा पडलेला असताना. आधी सुक्या शेणाचा थर. पायाने चुरून हाताने पसरायचा, कुठे उघडी जमीन दिसता नये. त्यावर महिन्यापूर्वी तोडून वाळवलेली कवळं, म्हणजे फांद्यांच्या मोळ्या, पानं एका दिशेला करून. त्यावर गवत आणि पातेरा. आणि सगळ्यावर बारीक माती भुरभुरायची. ही माती कशाला, ते मला कळेना. काकींनी पेटवल्यावर कळलं. वारा जिकडे जातो त्या टोकाला काडी लावली, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू मागे सरकते. आणि वरच्या मातीमुळे ज्वाळा उठत नाही, आतल्या आत धुमसत राहतं. एक गुंठा भाजायला दोन तास. भडका उडाला की राख होते आणि जमीन तशीच राहते, त्यांना जमीन तापवायची होती. कडेला ओल्या फांद्या घेऊन चार बाया उभ्या, ठिणगी गवतात गेली तर झोडपायला. त्या चार बाया कशा आल्या, मी विचारलंही नाही. मी फक्त चहा केला.

दुपारी हात घालून पाहिलं. माती दोन बोटं खाली कोमट, रवाळ, बिस्किटाच्या चुऱ्यासारखी.

२४ एप्रिल

विहिरीचा गाळ काढला. बत्तीस फूट खोल, तळाला गुडघाभर पाणी. तीन माणसं, दीड दिवस. सापडलेलं : कळशी एक, चप्पल (एकाच पायाची) तीन, आणि १९९८ सालचं पितळी कुलूप. आईने कुलूप ओळखलं. किल्ली तिच्याकडे अजून आहे.

१ अश्वशक्तीची मोटर बसवली, फूट व्हॉल्व्ह नवा, पाइप ११० मीटर.

२ जून

धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणं. वळवाच्या एका सरीवर जमीन नांगरून घेतलेली. बी कर्जत-३, हळवं (लवकर तयार होणारं) वाण, नऊ किलो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, त्यात बी ओतलं. पोचट वर तरंगलं ते काढून कोंबड्यांना, बाकी दोनदा धुऊन सावलीत सुकवलं. डावीकडे साडेचार, उजवीकडे साडेचार.

तक्ता : पाऊस ७ जून. लावणी २८ जून ते २ जुलै.

तात्या : “तुझ्या कागदात पाऊस सातला यायचाय. त्याला कळवलंस का?”

१२ जून

काल हवामान खात्याने मोसमी पाऊस रत्नागिरीपर्यंत आल्याचं जाहीर केलं. आमच्या अंगणात तो आलेला नाही. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ आहे, ते सगळा ओलावा ओढून गुजरातकडे चाललंय. इथे चार तारखेला पडलेल्या दोन सरींवर बी उगवलं, बोटभर झालं आणि आता दुपारी टोकं वळतायत.

रोज सकाळी विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडून मोजते. आज पाणी तीन फूट दोन इंच.

१६ जून

वादळ काल संध्याकाळी कच्छच्या किनाऱ्यावर गेलं. आकाश स्वच्छ, निळं, सुट्टीच्या दिवसासारखं. विहीर दोन फूट. मोटर पंचवीस मिनिटं चालते, मग हवा ओढते.

पाणी एकाच भागाला पुरेल.

उजवीकडे, न भाजलेल्या भागात, भात कुठलं आणि गवत कुठलं हेच मला ओळखता येत नाही. उकिडवं बसून अर्धा तास बेणलं. एक हात जागा झाली आणि उपटलेल्यांतलं निम्मं भात होतं. डावीकडे सरळ हिरवी केसांसारखी रांग, तण जवळजवळ नाही. काकी बांधावर उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाइप डावीकडे वळवला.

(प्रयोगाचा निष्कर्ष लिहिताना प्रामाणिक राहायचं तर : चौदा वर्षं पडीक जमिनीत तणाचं बी साठलेलं असणारच. दरवर्षी कसलेल्या दाढीत फरक इतका दिसला नसता. पण हे मी काकींना सांगायला गेले नाही.)

२४ जून

आर्द्रा लागून दोन दिवस झाले. रात्री एक वाजता कौलांवर आवाज. आधी वाटलं वांदर. मग आई उठून बसली आणि म्हणाली, “हा तो.” सकाळपर्यंत व्हाळ (ओढा) वाहायला लागलेला.

उजवीकडची दाढ गेली. डावीकडची रोपं दहा गुंठ्यांना पुरतील, अठरांना नाही.

८ जुलै

लावणीसाठी सहा बाया हव्यात. रोज साडेतीनशे द्यायला तयार आहे, तरी कोणीच मोकळी नाही. या आठवड्यात प्रत्येकीचं स्वतःचं शेत आहे. एकमेकींकडे जायचे दिवस त्यांनी मृगाआधीच ठरवलेत : आज हिच्याकडे पाच जणी, उद्या तिच्याकडे त्याच पाच. दिवसाला दिवस. पुस्तकात याला सावड म्हणतात, इथे ते नाव घेताना मी कोणाला ऐकलं नाही, नुसतं “आमी जातो एकमेकींकडं.”

काकींना विचारलं, मला यात घेता का. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. “तू आधी ये. मग बघू.”

९ ते १२ जुलै

चार दिवस दुसऱ्यांच्या शेतात. एकत्रच लिहिते, कारण रात्री पेन धरवत नव्हतं.

पहिला दिवस रोपं काढायचा. उकिडवं बसून मुळाशी धरायची, हिसडा द्यायचा नाही, मुळं पाण्यात हलवून माती झाडायची, मूठभर झाली की त्यातल्याच एका काडीने बांधायची. बाकीच्यांच्या मुठी फेकल्या तरी सुटत नाहीत. माझ्या हातात घेतानाच सुटायच्या. दुपारपर्यंत त्यांच्या साठ-सत्तर, माझ्या एकवीस. एकीने माझ्या मुठी परत बांधल्या, न बोलता, स्वतःचं काम चालू ठेवून.

दुसऱ्या दिवशी लावणी. चिखल पोटरीपर्यंत. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताने दोन-तीन काड्या सुट्या करून अंगठ्याने चिखलात दाबायच्या आणि एक पाऊल मागे. खोल गेलं तर फुटवे येत नाहीत, वर राहिलं तर पाण्यावर तरंगतं. मी लावलेल्या ओळीतली सकाळची काही दुपारी तरंगत होती. सगळ्या वाकून पुढे बघत मागे सरकतात, मी एकटीच कंबर धरून उभी. पाऊस पाठीवर, इरलं नाही, माझा रेनकोट आतून जास्त भिजलेला. आशाताई बांधावरून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देऊन गेल्या, लेप्टोसाठी (चिखलपाण्यातून होणारा ताप), आठवड्यातून एकदा.

तिसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. चौथ्या दिवशी, भाकरी खाताना, एकीने विचारलं, “तुझं कधी लावायचं?”

१४ जुलै

आमच्याकडे सात जणी.

पॉवर टिलरने चिखल करून ठेवलेला, साडेसहा तास, तासाला ४५०. दोन गुंठ्यांत चारसूत्री (चार नियमांची भातलावणीची पद्धत) करून बघायची म्हणून मी खुणेची दोरी आणली होती. पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरच्या आळीपाळीने खुणा, चार चुडांच्या (रोपांच्या झुपक्यांच्या) मध्ये एक युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची गोळी, गुंठ्याला सव्वासहाशे. दोरी धरायला दोन माणसं नुसती उभी राहतात हे पाहून काकींनी दहा मिनिटांत दोरी बांधावर ठेवली आणि नजरेने ओळी घातल्या. नंतर मी टेपने मोजलं. चूक होती, दोन-तीन सेंटिमीटरची. ब्रिकेट मात्र खोचू दिले.

दुपारी तीनला रोपं संपली. दहा गुंठे झाले, आठ मोकळे. मी चहाला वळले. परत येते तो काकींचा मुलगा डोक्यावरून मुठींचा भारा आणतोय. त्यांची रोपं उरलेली. त्यामागे तात्यांकडचा एक भारा. उरलेल्या तरव्याचे (रोपांचे) पैसे घ्यायचे नसतात, असं कळलं. फक्त हे वाण वेगळं, काकींचं जुनं, लाल तांदळाचं, गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं.

साडेसहाला शेवटचा कुणगा. नवरा संध्याकाळच्या गाडीने आला तो अंधारात बॅटरी घेऊन थेट शेतातच. त्याने एक मूठ लावली. तरंगली.

तक्ता, जबाबदार व्यक्ती : आठ नावं लिहिली. देणं : तीन दिवस (माझे चार वजा, सात जणींचे सात).

३० ऑगस्ट

ई-पीक पाहणी, म्हणजे उभ्या पिकाची सातबाऱ्यावर नोंद. ॲपमध्ये शेतात उभं राहून फोटो काढायचा, आणि शेतात रेंज नाही. फोटो काढून सड्यावर (वरच्या कातळपठारावर) चढून पाठवला. वीस मिनिटांची चढण. सामाईक सातबाऱ्यावर माझं नाव आता दिसतं. वडिलांचं रेघ मारलेलं.

१० ऑक्टोबर

कर्जत-३ कापलं. काकींचं लाल अजून हिरवं.

एकाच उतारावर दोन वाणं लावल्याचा हिशेब आता कळतोय. आजूबाजूची हळवी शेतं मोकळी झाली, उभं पीक म्हणजे माझे आठ गुंठे. काल रात्री रानडुकरं. सकाळी मधल्या कुणग्यात कोणी गादी टाकून लोळल्यासारखं भात आडवं. अंदाजे दीड गुंठा गेला. जुन्या साड्या बांधल्या, डबे बांधले. रात्री तात्या आणि मी आलटून पालटून बॅटरी मारतोय. ते दीडपर्यंत, मी पुढे.

वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज दिला. पंचनाम्याला माणूस येईल म्हणाले.

८ नोव्हेंबर

लाल कापून, झोडून, वारवून झालं. सगळं मिळून ४८० किलो भात. या हंगामाचा साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २१८३ रुपये, म्हणजे दहा हजार चारशे अठ्ठ्याहत्तर. खर्च, गडगा आणि मोटर सोडून, अठरा हजार तीनशे. ऑफिसात हा प्रकल्प पहिल्याच आढाव्यात बंद झाला असता, आणि तो बंद करा म्हणणारी मीच असते.

विकायचं नाहीच आहे. लाल वेगळं भरडून आणलं. आईने पेज केली, वर मेतकूट. ती जेवताना काही बोलत नाही, आज म्हणाली, “पाणी जरा जास्त झालं.”

बियाण्यासाठी लाल दहा किलो बाजूला, कडुनिंबाचा पाला घालून कणगीत. पुढच्या वर्षी अठराही गुंठ्यांत एकच वाण, पण कुठलं, यावर काकींशी वाद सुरू झालाय.

देणं : जुलैचे तीन दिवस, त्यातला एक कापणीत फेडला. दोन बाकी. काकींना कुळीथ पेरायचेत, ओल जायच्या आत. उद्या सात वाजता.